मातीला जाणे, मातीतून उठणे

जालना, अंबड, परतूर, घनसावंगी या पट्ट्यात कोणी वारले की माणसे ‘अंत्यसंस्काराला’ जात नाहीत, ‘मातीला’ जातात. ‘माती किती वाजता हाय?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न. त्या घरात जाळायची रीत आहे की पुरायची, याच्याशी शब्दाला देणेघेणे नाही. राख होणाऱ्यालाही माती आणि माती होणाऱ्यालाही माती. प्रमाण मराठीने यातली ‘मूठमाती’ तेवढी उचलली आणि तिला भलत्याच कामाला जुंपले. जुन्या प्रथेला मूठमाती, भाऊबंदकीला मूठमाती. वर्तमानपत्राच्या लेखी मूठमाती दिली म्हणजे विषय मिटला, पुन्हा काढायचा नाही.

ख्रिस्ती दफनविधीत मूठमाती शब्दशः असते. (‘दफनविधी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अर्धा अरबी, अर्धा संस्कृत, आणि कोणाला त्यात सांधा जाणवत नाही.) पेटी खड्ड्यात उतरते, पाळक माती टाकतात, मग घरचे, मग गावचे. एकीकडे गीत चालू असते आणि ते गीत वर्तमानपत्राच्या नेमके उलट सांगत असते की विषय मिटलेला नाही, हा देह परत काढायचा आहे. एवढी अवघड गोष्ट मराठी गीतांनी कोणत्या शब्दांवर पेलली, ते पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘पुनरुत्थान’ हा भारदस्त शब्द या कामी फारसा उपयोगी पडलेला नाही. खरा भार वाहिला तो ‘उठणे’ या घरगुती क्रियापदाने. आणि गीत कुठे घसरत असेल, तर ते देहाला कोणत्या नावाने हाक मारायची या प्रश्नावर.

जालन्यात ही गीते पोचली त्याला नारायण शेषाद्री कारण. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या ताब्यावरून त्याच वर्षी जो खटला झाला, त्याने मुंबईचे समाजजीवन ढवळून निघाले होते. पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने शेषाद्री निजामाच्या मुलखात, जालन्याच्या छावणीच्या गावी आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गाव वसवले. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते बोलले, तेव्हा त्यांच्यामागे मुख्यतः मांग-महार कुटुंबांची ही वस्ती उभी होती.

बेथेल हे नाव इब्री आहे. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. निजामाच्या राज्यातल्या उर्दू जाणणाऱ्या कारकुनाला ते अगदीच परके वाटले नसावे, कारण अरबीतला ‘बैत’ हा बेथचा सख्खा भाऊ आणि ‘अल्लाह’ हा एलच्या गोतातला. जालन्याच्या शब्दांचे असेच आहे. इथे संस्कृत, अरबी आणि खेड्यातली मराठी एकाच विहिरीवर पाणी भरतात.

स्कॉटिश मंडळींची उपासना मात्र त्या काळी गीतांच्या बाबतीत कडक होती. गायची ती मुख्यतः बायबलमधली स्तोत्रे, 1650 च्या छंदोबद्ध स्कॉटिश आवृत्तीतली. (आपल्याकडे परंपरेने तुकोबांचे सदेह वैकुंठगमन याच साली धरतात. योगायोगच, पण लक्षात राहतो.) ती स्तोत्रे ख्रिस्तापूर्वीची, म्हणून त्यांत मेलेले उठण्याची आशा फार पुसट आहे. ठळक आशा सांगणारी मराठी पदे, अभंग, साक्या, दिंड्या आल्या त्या बऱ्याच अंशी नगरकडून. तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने ख्रिस्ती कीर्तन रुजले, कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार-कवी झाले, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हातात ‘उपासना संगीत’ असते, त्यात राग, चाल आणि विलायती सूर शेजारी-शेजारी बसलेले दिसतात.

आता ‘उठणे’. संस्कृतात ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘स्था’ हा धातू मिळून उत्थान होते. मधला ‘स’ गळतो, आणि तेवढ्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र खर्ची घातले आहे. प्राकृतात त्याचे ‘उट्ठ’ झाले, मराठीत ‘उठ’. म्हणजे ‘पुनरुत्थान’ आणि ‘उठला’ हे एकाच घरातले. एक शिकून पुण्याला गेला, दुसरा शेतावर राहिला.

गंमत पुढे आहे. ग्रीक नव्या करारात पुनरुत्थानाला ‘आनास्तासिस’ म्हणतात. ‘आना’ म्हणजे वर आणि पुन्हाही; ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे. यातला ‘स्ता’ तोच आपला ‘स्था’, हजारो वर्षांपूर्वी वेगळा निघालेला. पण ग्रीकात आणखी एक क्रियापद याच अर्थाने सतत येते, ‘एगेइरो’, म्हणजे झोपेतून जागे करणे. ग्रीकाला दोन शब्द लागले, एक जागे होण्याचा आणि एक उभे राहण्याचा. मराठीला एकच पुरतो. ‘मी पाचला उठतो’ यात जाग आहे, ‘खुर्चीवरून उठला’ यात उभे राहणे आहे. मराठी अनुवादकाने ‘उठला’ लिहिले की दोन्ही ग्रीक क्रियापदे आपोआप आत येतात. हे श्रेय अनुवादकाच्या हुशारीचे कमी आणि भाषेच्या नशिबाचे जास्त.

तिसरा धागा जालन्याला अधिक जवळचा. मार्काच्या शुभवर्तमानात याइराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून येशू तिला ऊठ म्हणतो. ग्रीक मजकुरात त्याचे मूळ अरामी शब्द तसेच ठेवले आहेत, ‘तलिथा कूम’. हे ‘कूम’ अरबी ‘क़ाम’च्या, उभे राहण्याच्या धातूचे भावंड. आणि त्या अरबी धातूची लेकरे आपल्या तोंडात रोज असतात. कायम म्हणजे उभा असलेला, टिकलेला. मुक्काम म्हणजे उभे राहण्याची, थांबण्याची जागा. कौम त्यातलीच. आणि कयामतही. जालन्याच्या बाजारात ‘कयामत आली’ म्हणजे मोठा गोंधळ झाला, पण शब्दाचा मूळ अर्थ गोंधळ नाही, उभे राहणे आहे. मेलेल्यांनी उभे राहण्याचा दिवस. येरुशलेममधल्या ज्या चर्चमध्ये येशूची कबर दाखवतात, त्याला अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही कयामतीचे चर्च म्हणतात. ग्रीक मंडळी आनास्तासिसचे म्हणतात. पश्चिमेच्या लोकांनी मात्र त्याला ‘पवित्र कबरे’चे नाव दिले. पूर्वेने उठणाऱ्याचे नाव ठेवले, पश्चिमेने खड्ड्याचे. मला पूर्वेचे बरोबर वाटते.

मराठीत ‘उठणे’ला जे अर्थ चिकटले आहेत ते मात्र सगळेच गोड नाहीत. बाजार उठतो, फोड उठतो, मन उठते, माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठतो. मयतही उठते, ‘मयत उठली का?’ म्हणजे घरातून निघाली का. जालन्याच्या मारवाडी-गुजराती व्यापारी घरांच्या निधनवार्तेत ‘उठावणा’ छापलेला असतो. दुखवट्याची बैठक उठवण्याचा तो विधी. ‘आयुष्यातून उठला’ म्हणजे पार धुळीला मिळाला, पण ‘दुखण्यातून उठला’ म्हणजे बरा झाला. प्रत्यय तोच ‘-तून’, क्रियापद तेच, आणि अर्थ दोन टोकांना. ख्रिस्ती गीत ‘मेलेल्यांतून उठला’ म्हणते तेव्हा ते ‘दुखण्यातून उठला’च्या शेजारी जाऊन बसते. जालन्यात स्कॉटिश मिशनने दवाखाना काढला. तिथे महिना-महिना अंथरूण धरलेला माणूस पायांवर चालत घरी आला की गाव म्हणे, ‘उठला बाबा एकदाचा.’ या वाक्यात अंग आहे, पाय आहेत, भूक आहे. नुसता आत्मा दुखण्यातून उठत नाही. म्हणून हे क्रियापद देहासकटच्या आशेला इतके चपखल बसते.

आपल्या परंपरेत प्रेत उठवल्याच्या कथा आहेतच. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सच्चिदानंदबाबांना उठवले, टाकळीला समर्थांनी सती निघालेल्या बाईच्या नवऱ्याला उठवले. समर्थ तर जालना जिल्ह्यातलेच, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. या कथा ऐकणाऱ्याला येशूने उठवलेल्या लाजराची गोष्ट नवी वाटत नाही. पण लाजर पुन्हा मेला, आणि सच्चिदानंदबाबाही पुढे यथाकाल गेलेच असणार. ते परत येणे होते. ईस्टरचे गीत सांगते ते याच्या पलीकडचे आहे, जिथून पुन्हा मरण नाही असे उठणे. मराठीत दोन्हीला ‘उठला’ हाच शब्द असल्याने गीतकाराला पुढच्या ओळीत काहीतरी जोडावे लागते: मरण हरले, कबर रिकामी, आता मरणे नाही. मराठी ईस्टर-गीतांत मरणाला सरळ नावाने हाक मारून टोमणे मारलेले आढळतात ते याचसाठी. त्यामागे पौलाच्या पत्रातला टोमणा आहे, आणि त्याच्याही मागे होशेय संदेष्टा.

मग ‘पुनरुत्थान’ कुठे अडले? पहिली अडचण अक्षरांची. अभंगाच्या मोठ्या चालीत सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे. ‘पुनरुत्थान’ने पाच खाल्ली की चरणात एका अक्षराची जागा उरते. ‘पुनरुत्थानाचा’ केले की अख्खा चरण भरला, आणि बोललो काय? एक नाम आणि एक प्रत्यय. ‘उठला’ तीन अक्षरांत उठतो आणि पुढे कबर, पहाट, धोंडा यांना जागा सोडतो. वर ‘रुत्था’ हा जोडाक्षराचा खडा. टाळ-मृदंगावर वेगात म्हणून पाहा. जीभ अडखळते, आणि बायकांच्या घोळक्यात त्याचे ‘पुनरुथान’ होऊन जाते. त्यात भाषेचे काही वाईट होत नाही, मात्रांचे होते.

दुसरी अडचण प्रतिष्ठेची. ‘पुनरुत्थान’ आता देशाचे होते, संस्कृतीचे होते, पक्षाचे होते. 2005 साली केंद्राने शहरांसाठी जी मोठी योजना आणली तिच्या नावातही मराठी वर्तमानपत्रांनी ‘नागरी पुनरुत्थान’ लिहिले, आणि मग पुनरुत्थानाच्या निधीतून गटारे, उड्डाणपूल आणि बसगाड्या आल्या. ‘पुनरुत्थानवादी’ ही तर वैचारिक वादातली शिवीच. इतक्या हातांतून फिरलेल्या शब्दात मेलेल्या माणसाच्या बोटांची ऊब कुठून राहणार?

तिसरी अडचण ‘पुनर्’ची. मराठी कानाला पुनर् म्हटले की जन्म ऐकू येतो. पुनर्जन्मात आत्मा तोच आणि देह नवा, पहिला देह कायमचा टाकलेला. पुनरुत्थानात देह तोच, पालटलेला. दोन्ही समजुती एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून उभ्या आहेत आणि शब्द मात्र जुळ्यांसारखे दिसतात. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री-ग्रीकातून बायबल मराठीत आणताना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळले आणि बायकापोरींना कळेल अशी भाषा धरली. त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली केडगावच्या छापखान्यातून ते पूर्ण बाहेर पडले. तीनशे वर्षे आधी फादर स्टीफन्स यांनी उलट केले होते. 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्यांनी स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटले. मला दोघांचेही पटते, पण गीताच्या बाबतीत रमाबाईंची वाट सुरक्षित वाटते. ओव्यांच्या पुराणाला वैकुंठ शोभते. कबरेपाशी उभ्या असलेल्या म्हातारीला ‘उठणार’ एवढे पुरते.

सणाच्या नावांचीही मौज आहे. ‘ईस्टर’ हा शब्द बीड नावाच्या आठव्या शतकातल्या इंग्रज संन्याशाने एका जुन्या देवतेकडे नेला. ती देवता असो-नसो, शब्द पहाटेच्या मुळाचा आहे आणि आपली ‘उषा’ त्याच मुळाची. दुसरे नाव पास्का, ज्यू लोकांच्या सणावरून आलेले. त्या सणाला मराठी बायबल ‘वल्हांडण’ म्हणते, म्हणजे ओलांडण. मरण ओलांडले, असा अर्थ त्यात न सांगता येतो. हा शब्द कोणी घडवला त्याला दाद दिली पाहिजे. आणि उत्थान तर वारकऱ्याच्या पंचांगातलेच: कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी, हिचेच दुसरे नाव उत्थान एकादशी. चार महिने निजलेला देव उठतो. काकड आरती आणि भूपाळ्या त्याला रोज पहाटे उठवतातच. ईस्टरच्या दिवशी सूर्योदयाच्या उपासनेला गोळा झालेल्या मराठी मंडळीला पहाटेचे गाणे नवे शिकावे लागले नाही. सूर जुना होता, फक्त आता उठलेलाच त्यांना उठवत होता.

आता देह. इथे गीतकाराची खरी कसोटी. दुसऱ्या शतकापासून मंडळीने विश्वासांगीकारात मुद्दाम ‘मांसाचे’ पुनरुत्थान म्हटले, लॅटिनमध्ये ‘कार्निस’. देह म्हणजे तुरुंग आणि सुटका म्हणजे मुक्ती, असे शिकवणारे पंथ तेव्हा जोरात होते, त्यांना दिलेले ते उत्तर होते. मराठीत ‘मांस’ म्हणता येत नाही. खाटकाचे दुकान डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘शरीराचे पुनरुत्थान’ आले. पण शरीर या शब्दाची जुनी निरुक्ती काय? ‘शॄ’ धातू, झिजणे, तुटणे. जे झिजत जाते ते शरीर. म्हणजे मंडळी दर रविवारी उभी राहून जे झिजून जाते त्याच्या उठण्यावर विश्वास सांगते. धातूतच विरोध आहे आणि तो उपकारक आहे.

काया आली ‘चि’ धातूवरून, रचणे, ढीग करणे. त्याच धातूची चिता. काया आणि चिता सख्ख्या बहिणी, दोन्ही रचलेल्या. कुडी म्हणजे कुटी, झोपडी. संतांनी तिला सोडून जायची जागा केले. पौलानेही एका पत्रात देहाला तंबू म्हटले आहे (तो धंद्याने तंबू शिवणाराच होता), पण तो तंबू टाकून उघडे व्हायला तयार नव्हता, त्याला वर पक्के घर हवे होते. गीतात ‘कुडी’ आली की हा फरक बहुतेक वेळा हरवतो. कुडी म्हटले की प्राण उडालाच.

सगळ्यांत सुंदर शब्द ‘देह’. धातू ‘दिह्’, लिंपणे, थापणे. मराठवाड्यात धाब्याच्या घरावर पांढरी माती थापायची रीत होती, ती पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. देह म्हणजे थापून केलेले. आणि याच मुळाचा प्राचीन इराणी शब्द ‘दएज़’, मातीची भिंत. ‘पइरि-दएज़’ म्हणजे भोवताली भिंत घातलेली बाग. तो ग्रीकात गेला, ‘पारादेइसोस’ झाला, त्याचे इंग्रजीत पॅराडाइज आणि अरबी-फारसीत फिरदौस झाले. देह आणि फिरदौस एकाच मातीचे! उत्पत्तीच्या पुस्तकातला आदामही ‘आदामा’चा, म्हणजे जमिनीचा, आणि आपला ‘आदमी’ त्या आदामाचा. मराठी ख्रिस्ती गीतकाराला देहासाठी शब्द निवडायचा असेल तर मी ‘देह’च घ्यायला सांगेन. समर्थांनी दासबोधाच्या पहिल्याच दशकात नरदेहस्तवनाचा समास लिहिला आहे. तेव्हा या शब्दाला जिल्ह्यातच मान आहे, निंदा तेवढी ऐकली जाते.

निंदेचा ओढा फार मोठा आहे हे मान्य करायला हवे. टिळकांचा पूल तुकारामाचा होता, आणि पुलावरून येताना माणूस बोचकेही आणतो. नाशिवंत देह, क्षणभंगुर काया, पैलतीर ही सगळी सामग्री ख्रिस्ती पदांत आली. दोष एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी गीतांतही एकोणिसाव्या शतकात आत्मे भराभर वर उडू लागले आणि देह खाली राहिला. चार्ल्स वेस्ली 1739 मध्ये ईस्टरचे गीत लिहितो तेव्हा त्याला आपणही उठणार हे नक्की ठाऊक असते. दीडशे वर्षांनी अंत्यविधीच्या गीतांत नदीपलीकडचा सुंदर किनारा उरतो. हँडलने 1741 साली रचलेल्या ‘मसाया’त ईयोबाच्या पुस्तकातले वचन घेतले आहे, त्या वचनातच मेख आहे. ईयोब देवाला ‘देहातून’ पाहीन म्हणतो, आणि इब्री शब्दयोगी ‘मिन्’चे दोन अर्थ होतात: देहात राहून बाहेर पाहीन, किंवा देहातून निघून पाहीन. भाषांतरकार तेव्हापासून भांडत आहेत. मराठीचा ‘-तून’ नेमका तसाच दुतोंडी, खिडकीतून पाहिले आणि खिडकीतून पडला. ज्यांना भांडण मिटवायचे नसेल त्यांनी मराठीत ‘देहातून’ लिहून मोकळे व्हावे.

निधनवार्तेतले शब्दही हीच ओढ दाखवतात. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी आणि त्यांच्या पंक्तीला बसलेले ख्रिस्तवासी, प्रभुवासी. ‘वासी’ म्हणजे पोचला, राहायलाही लागला. त्यात वाट पाहणे नाही. नव्या कराराचा शब्द ‘झोपी गेला’ असा आहे, आणि झोपलेल्याच्या बाबतीत प्रश्न एकच असतो, उठणार कधी. ‘सिमेटरी’ हा शब्दसुद्धा ग्रीक ‘निजायची जागा’ यावरून आला. जुन्या मराठी थडग्यांवर ‘महानिद्रा’ कोरलेले दिसते ते ख्रिस्तवासीपेक्षा गीताच्या जवळ आहे. ‘महा’ काढून टाकला तर आणखी जवळ येईल.

शेवटची गोष्ट बियाण्याची. जालन्यात ती टाळताच येत नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज जालना म्हटले की शेतकऱ्याला पोलाद आणि बी-बियाणे आठवते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात पौल उठणाऱ्या देहाची जी उपमा देतो ती दाण्याची: पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते दुसरेच अंग. मराठीत पुरणे आणि पेरणे यांच्यात एका मात्रेचा फरक आहे, गीतकाराला एवढे पुरे. (पुरणेचाही दुसरा अर्थ पुरे पडणे, भाषा थट्टा करते कधीकधी.) ‘उगवणे’ हाही ‘उद्’ उपसर्गाचाच, उद् आणि गम्. सूर्य उगवतो, बी उगवते.

पण ऋतू जुळत नाही. इंग्लंडात जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल क्रम यांनी 1928 साली गव्हाच्या हिरव्या पात्यावर ईस्टरचे गीत लिहिले, कारण तिथे ईस्टरला जमीन हिरवी होते. जालन्यात ईस्टरला गहू-हरभरा घरात आलेला असतो, रानात ढेकळे तापलेली असतात. पालवी फुटते ती लिंबाला-पिंपळाला, शेताला नाही. पेरणी मृगाची. सोयाबीन टाकण्याआधी शेतकरी ओल्या गोणपाटात 100 दाणे मांडून गुंडाळून ठेवतो आणि उघडून मोजतो. 70 उगवले तर बी चांगले. पिशवीवरही उगवणक्षमता किमान 70 टक्के छापलेली असते. ज्या गावाला उगवण टक्क्यांत मोजायची सवय आहे, तिथे पौलाची उपमा ऐकणारा मनात विचारणारच, उरलेल्या तिसांचे काय? गीत याचे उत्तर देत नाही, ते सगळेच उठतील म्हणते. म्हणून मला वाटते, या भागात ईस्टरला पहाटेचे गाणे खरे आणि दाण्याचे गाणे जूनमध्ये, पहिल्या पावसानंतरच्या एखाद्या रविवारी म्हणावे.

पौलाच्या त्याच अध्यायात मराठी बायबलने एक धाडस केले आहे. जो देह पेरला जातो त्याला ‘प्राणमय’ म्हटले आणि जो उठतो त्याला ‘आध्यात्मिक’. प्राणमय हा शब्द तैत्तिरीय उपनिषदातल्या कोशांची आठवण करून देतो, आणि ‘आध्यात्मिक शरीर’ म्हटले की मराठी वाचकाला धुरकट, पारदर्शक काहीतरी दिसते. पौलाला तसे म्हणायचे नव्हते. पवित्र आत्म्याच्या बळावर चालणारे खरे अंग त्याला म्हणायचे होते. रोजच्या मराठीत शरीराला आपण ‘अंग’च म्हणतो. अंगात ताप आहे, अंग दुखते, अंगावर काटा आला. गीतांत मात्र ‘अंग’ उठल्याचे मला आढळलेले नाही. कोणा गीतकाराने ही जागा भरावी.

वाचकांना एक विनंती. जालना, बेथेल, अंबड किंवा मराठवाड्यात कुठेही तुमच्या घरात आजी-आजोबांची हाताने लिहिलेली भजनाची वही असेल, तर मातीच्या वेळी म्हणायची गीते काढा आणि त्यांत देहाला काय म्हटले आहे, कुडी, काया, शरीर, देह की आणखी काही, आणि त्याच्यापुढे क्रियापद कोणते आहे, सुटला, गेला की उठला, एवढे उतरवून संपादकांकडे पाठवा. चाल माहीत असेल तर तीही लिहा.